मदत हवी आहे : पक्षी सप्ताहात वस्तीसाठी विनामूल्य निसर्गमेळावा कसा आखावा?

नमस्कार.

पुण्यात बाणेर-पाषाण टेकडीच्या पायथ्याशी आमची गृहनिर्माण संस्था आहे. शेजारच्या दोन वस्त्यांना सोबत घेऊन यंदा, म्हणजे २०२६ साली, एका सकाळी सर्व कुटुंबांसाठी विनामूल्य निसर्गमेळावा भरवावा असे आम्ही ठरवले आहे. पक्षीनिरीक्षणाचा मला दहा-बारा वर्षांचा छंद असला, तरी लहान मुले, आजी-आजोबा आणि ज्यांनी दुर्बीण कधी हातातही घेतलेली नाही अशा शंभरेक माणसांना एकत्र सांभाळण्याचा अनुभव मुळीच नाही.

पहिली अडचण तारखेची आहे. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून, ५ नोव्हेंबरपासून, ते सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि मेळावा त्यातच व्हावा अशी माझी फार इच्छा होती. परंतु यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला असल्यामुळे त्या आठवड्यात निम्मी घरे गावी गेलेली असतील आणि उरलेल्यांच्या अंगणात पहाटेपासून फटाके वाजत असतील. १५ तारखेचा रविवार धरावा, की दिवाळीआधीचा १ तारखेचा? तोपर्यंत थिरथिरा आणि धोबी हे हिवाळी पाहुणे आलेले असतात, त्यामुळे पक्ष्यांच्या दृष्टीने मला दोन्ही दिवस चालतील.

दुसरी अडचण नाजूक आहे. आमच्या समितीतील एका ज्येष्ठ काकांनी त्यांच्या ओळखीच्या सर्पमित्रांना जिवंत नाग आणि धामण घेऊन बोलवावे असा आग्रह धरला आहे, कारण त्याशिवाय गर्दी जमणार नाही असे त्यांना वाटते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे प्रदर्शन हा गुन्हा ठरतो हे मी सांगून पाहिले. त्यावर ‘सगळीकडे चालते’ हे ठरलेले उत्तर मिळाले. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी गळ्यात साप घातलेला माणूस पाहून मुले सापाविषयी काय शिकतात हे मला कळत नाही. वेळासच्या कासव महोत्सवात मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिथे दोरीमागे उभ्या असलेल्या लोकांपैकी कोणीही पिल्लांना हात लावला नाही, तरी ती इवलीशी कासवे समुद्राकडे सरकत असताना एरवी एका जागी न बसणारी माझी मुलगी श्वास रोखून पाहत होती. टेकडीवर आमच्याकडे कासवे नाहीत, हीच काय ती पंचाईत.

म्हणून विचारतो, न पकडता, न हाताळता मुलांना गुंतवणारे कोणते उपक्रम आपण स्वतः करून पाहिले आहेत? आदल्या संध्याकाळी पायवाटेच्या कडेला चाळलेली माती पसरून सकाळी त्यावरचे ठसे ओळखायचे, असे माझ्या मनात आहे. मुंगूस आणि मोर तिथे नक्की फिरतात, पण भटकी कुत्रीही फिरतात, आणि सकाळी मातीवर केवळ त्यांचीच पावले दिसली तर मुलांचा हिरमोड होईल अशी धास्ती वाटते. रात्री पांढऱ्या कापडावर दिवा सोडून त्याकडे येणारे पतंग (कीटक) पाहण्याचा कार्यक्रम पावसाळ्यात उत्तम होतो हे ठाऊक आहे. नोव्हेंबरच्या थंडीत तो कितपत जमतो? सुगरणीची जुनी, वाऱ्याने खाली पडलेली घरटी मांडून ठेवणे योग्य आहे का, की त्यामुळे मुले झाडावरची घरटी काढू लागतील?

आमच्याकडे ८ बाय ४२ च्या दोनच दुर्बिणी आहेत. एका गटात किती मुले घ्यावीत म्हणजे प्रत्येकाला वेडा राघू नीट दिसेल? पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावायचे नाही, हे मात्र पक्के ठरले आहे.

खर्चासाठी एक बांधकाम व्यावसायिक पुढे आले आहेत, पण त्यांना टेकडीवर फलक लावायचे आहेत, म्हणून मी नकार देण्याच्या विचारात आहे. गणेशोत्सवाच्या शिल्लक वर्गणीत चहा-पोहे निघतील. ज्यांनी वनविभागाकडे अशा मेळाव्यासाठी अर्ज केला असेल त्यांनी तो किती दिवस आधी द्यावा आणि त्यात नेमके काय लिहावे, एवढे कृपया सांगावे. समितीची बैठक येत्या रविवारी आहे.