पहिलीच नेमणूक, द्विशिक्षकी शाळा: कोणत्या सवयी आत्तापासून लावून घेऊ?

नवी_टाचणवही
नमस्कार. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन यंदा जूनमध्ये शिक्षण सेवक (सुरुवातीच्या काळातली मानधनावरची शिक्षिका) म्हणून रुजू झाले. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. तिसरी-चौथी मुख्याध्यापक सर घेतात, पहिली-दुसरी माझ्याकडे. दोन्ही वर्गांची मिळून २३ मुलं, एकाच खोलीत. बहुतेक घरांत अहिराणी बोलतात.

डीएडला पाठ घेतले होते, पण तिथे एक वर्ग, एक विषय आणि मागे बसलेले निरीक्षक असायचे. इथे पहिलीला बघावं तर दुसरी मोकळी सुटते. घरी आल्यावर टाचण, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पाठाचं नियोजन, लिहिण्यात संध्याकाळ जाते आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी वर्गात होतच नाही. मुलं गोड आहेत, मला हे काम मनापासून करायचं आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत कोणत्या सवयी लावून घ्याव्यात? स्वतःची वाढ व्हावी म्हणून काय वाचू, कुठले कोर्स करू? गावातच खोली घेतली आहे, त्यामुळे शाळेनंतर वेळ मिळतो.

जुना_फळा
ताई, अभिनंदन. गावात राहताय ही फार चांगली गोष्ट आहे. मी बरीच वर्षं पहिली-दुसरीलाच शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते सवय एकच लावून घ्यायची. मुलांनी काय केलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. शंभर पानी साधी वही घ्या, प्रत्येक मुलाला चार पानं द्या. रोज तीन-चारच मुलं नजरेत ठेवायची आणि शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत दोन-दोन ओळी लिहायच्या. 'प्रगती समाधानकारक' असलं काही या वहीत नको, ते नोंदवहीत आपण लिहितोच. इथे लिहायचं ते असं: 'सत्तावीस सांगितले, ७२ लिहिले. वाचताना मात्र बरोबर वाचतो.'

हेच उदाहरण पुढे नेतो, कारण दुसरीत ते तुम्हाला हमखास भेटणार. आपण सत्तावीस म्हणताना आधी सात म्हणतो आणि मग वीस. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, म्हणून ७२ होतं. त्याला संख्या कळलेली असते, अडचण असते ती लिहिण्याच्या क्रमाची. त्याच्यासमोर काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवा आणि 'सत्तावीस दे' म्हणा. आधी दोन गठ्ठे उचलायला लावायचे, लगेच २ लिहायला लावायचा. मग सुट्या सात काड्या आणि ७. काही दिवस हा क्रम हातात बसला की पाटीवरही बसतो.

शेजारचं मूल २७ बरोबर लिहितं, पण २७ अधिक ५ करताना २१२ लिहितं. त्याला बारा सुट्यांमधून एक गठ्ठा बांधण्याचा अनुभव कमी पडलाय. त्याच काड्या, पण काम वेगळं. दोघांच्याही वहीत लाल फुली मारली तर दोघांनाही काही मिळत नाही. आणि हा फरक वहीत लिहिला नाही तर आठवड्यानं आपल्यालाही आठवत नाही.

शुक्रवारी ही वही सलग वाचा. सोमवारचं टाचण त्यातून आपोआप निघतं. बाजारात मिळणारं तयार टाचण उतरवून काढण्यात संध्याकाळ घालवू नका. मी तीनच गोष्टी लिहितो: मुलांना आज काय करता यायला हवं, त्यासाठी ती काय करतील, आणि त्यांना आलं हे मला कशावरून कळेल. पाठ झाल्यावर खाली एक ओळ, काय जमलं आणि काय राहिलं.

केंद्रातली_माई
दोन वर्ग एकत्र सांभाळण्याबद्दल लिहिते. पहिली आणि दुसरी अशी भिंत वर्गाच्या मधोमध घालू नका. गोष्ट, गाणं, चित्रावर बोलणं, परिसरात फिरून येणं हे सगळं एकत्रच घ्या. त्यानंतरचं काम वेगळं द्या. त्याच गोष्टीवर पहिलीने चित्र काढून खाली एक शब्द लिहायचा, दुसरीने तीन-चार वाक्यं. वाचनाचे आणि गणिताचे गट मात्र इयत्तेवर न करता मुलाला काय येतं त्यावर करायचे आणि दर महिन्याला बदलायचे. नाहीतर 'मी मागच्या गटातला' हे मुलाच्या मनात घट्ट होतं.

एका गटाबरोबर तुम्ही बसलात की दुसऱ्या गटाच्या हाती तुमच्यावाचून पुरं होईल असं काम हवं. ते काम काय आणि सामान कुठे आहे हे मुलांना ठाऊक असलं पाहिजे. भाषा पेटी, गणित पेटी (शाळेला मिळालेल्या शैक्षणिक साहित्याच्या पेट्या) कपाटात कुलपात असेल तर आधी बाहेर काढा आणि मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवा. सामान घ्यायचं कसं, परत ठेवायचं कसं, 'आता थांबा'ची खूण कोणती, एवढंच जुलैभर शिकवलंत तरी वर्ष सोपं जाईल. टाळी किंवा घंटा काहीही चालेल. ओरडणं नको. घसा आयुष्यभर पुरवायचा आहे, आणि लहान खोलीत चढ्या आवाजाने मुलंही चढ्या आवाजातच बोलायला लागतात.

पांझरा_काठ
मी स्वतः अहिराणी घरातून आलोय आणि आता शिक्षक आहे. माझी एकच कळकळीची विनंती. मूल 'माले येस' म्हणालं की 'माले नाही, मला म्हण' असं लगेच करू नका. ते उत्साहाने सांगतंय की त्याला येतं. त्या क्षणी टोकलं तर ते पुढच्या वेळी हात वर करत नाही. तुम्ही पुढच्या वाक्यात सहज प्रमाण मराठी वापरा: 'तुला येतं? मग सांग बरं सगळ्यांना.' कान आपोआप तयार होतो.

भिंतीवर एक मोठा कागद लावा. एकीकडे घरचा शब्द, दुसरीकडे पुस्तकातला. शब्द मुलांनीच आणायचे. आजीच्या गोष्टी अहिराणीतच ऐका, त्या देवनागरीत लिहून काढा आणि वाचायला द्या. पहिलीचं मूल ओळखीचं वाक्य फार लवकर वाचतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्यतो मातृभाषेतून शिकवावं असं आहे, तेव्हा कुणी हरकत घेतली तर संकोचू नका.

जुना_फळा
पांझरा_काठ, अगदी खरं. माझ्या वर्गात लिहायला सगळ्यात उशीर लावणारी मुलं अशाच घरच्या गोष्टींवर लिहिती झाली.

शनिवारची_शाळा
कोर्सबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये शिक्षकांनी वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय, आणि दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावर कोर्स भरपूर आहेत. पण प्रमाणपत्रं गोळा करत सुटू नका. एक कोर्स घ्या, त्यातली एक गोष्ट तीन आठवडे वर्गात करून बघा, काय झालं ते त्या शंभर पानी वहीत लिहा. मगच पुढचा.

त्याहून जास्त वाढ होते ती दुसऱ्याच्या नजरेतून. तुमच्या मुख्याध्यापक सरांना एक तासिका वर्गात बसायची विनंती करा. 'कसं वाटलं' असं मोघम विचारू नका, त्यांना एकच काम द्या: कोणत्या मुलाला किती प्रश्न विचारले त्याच्या खुणा करायच्या. पुढच्या बाकावरची चार मुलं आणि मोठ्याने बोलणारे मुलगे यांच्याकडेच आपले प्रश्न जातात, हे खुणांवरून लख्ख दिसतं. तसंच एक तास मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा, रात्री ऐका आणि पुसून टाका. प्रश्न विचारल्यावर आपण किती वेळ थांबतो ते बघा. मनात सावकाश पाच अंक मोजून थांबलं तरी उत्तरं देणारी मुलं बदलतात.

वाचायला सुरुवात 'जीवन शिक्षण' या शिक्षकांसाठीच्या मासिकाच्या अंकांपासून करा. बालभारतीने १९७१ पासूनचे 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवलेत, परिपाठात वाचून दाखवायला त्यात खूप सापडेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं जे काम केलं त्याबद्दलही जरूर वाचा. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली, मुलं जिथे होती तिथे शाळा नेली. तुमच्या भागात हे आजही उपयोगी पडेल.

नवी_टाचणवही
सगळ्यांचे मनापासून आभार. वही आजच आणली. पेट्या खरंच कुलपात होत्या, उद्या काढते. दोन शंका आहेत. सर वयाने आणि अनुभवाने मोठे आहेत. त्यांना 'माझ्या वर्गात येऊन बसा' म्हणणं बरं दिसेल का? आणि दिवाळीनंतर पाच-सहा घरं ऊसतोडीला जातात असं कळलं. त्या मुलांचं काय करायचं?

केंद्रातली_माई
आधी तुम्ही त्यांच्या वर्गात बसायची परवानगी मागा. 'सर, चौथीला भागाकार कसा घेता ते बघायचंय' म्हणालात तर त्यांना आनंदच होईल. तेवढा वेळ तुमच्या मुलांनाही त्यांच्या वर्गात बसवा. मग तुमच्याकडे बोलावणं सोपं जातं. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला जातानाही रिकाम्या हाताने जाऊ नका. एका मुलाची वही न्या, नाव झाकून, आणि 'इथे काय करावं' म्हणून विचारा. तुमच्यासारखेच दोन-तीन नवे शिक्षक जवळच्या शाळांत असतील, ते तिथेच भेटतील.

पांझरा_काठ
ऊसतोडीचं दिवाळीची वाट न बघता आत्ताच सुरू करा. त्या घरी संध्याकाळी जाऊन बसा. कुठल्या कारखान्याकडे जातात, मुकादम कोण, आजी-आजोबा गावात राहतात का, हे विचारून घ्या. मूल नातेवाइकांकडे थांबू शकत असेल तर उत्तम. आपल्याकडे हंगामी वसतिगृहाची (पालक बाहेरगावी असताना मुलांना गावातच ठेवण्याची) सोय होते का तेही गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारून ठेवा. जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक (स्थलांतर करणाऱ्या मुलाची शैक्षणिक माहिती असलेलं कार्ड) भरून पालकांच्या हातात द्या, म्हणजे तिथल्या शाळेत बसवून घेताना अडचण येत नाही. त्यासोबत तुमच्या वहीतली त्या मुलाची पानं उतरवून द्या, काय येतं आणि कुठे अडतं ते, म्हणजे तिथल्या शिक्षकांना पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल. खाली तुमचा फोन नंबर लिहा.