राष्ट्रपती मुर्मूंचे पहिले महिने: गोव्यातले अनुभव

द्रौपदी मुर्मू २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपती झाल्या. त्यानंतरच्या महिन्यांत गोव्यातल्या घरांत, वाड्यांवर, कचेऱ्यांत काय बोललं गेलं, ते ज्यांनी ऐकलं त्यांनीच लिहावं म्हणून हा धागा काढला. पुढाऱ्यांची अभिनंदनं तेव्हा वर्तमानपत्रांत येऊन गेली. पण गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना इथे अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडावं लागलं. राज्याच्या लोकसंख्येत जमातींचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आहे. या घरांना काय वाटलं, ते मला हवं होतं. आलेलं फारसं न कापता देतो आहे. राहवलं नाही तिथे माझं मत मध्ये घातलं आहे.

शिक्षिका, खोतीगाव

शपथविधी सोमवारी सकाळी, शाळा भरलेली. पावसाळ्यात आमच्याकडे मोबाईलला रेंज धड मिळत नाही, म्हणून चौथीच्या मुलांना घेऊन व्हरांड्याच्या टोकाला उभी राहिले. चित्र अडकत होतं, आवाज येत होता. ‘जोहार’ म्हणून त्यांनी सुरुवात केली. पुढे म्हणाल्या की, त्यांच्या गावातून कॉलेजपर्यंत पोचलेली पहिली मुलगी त्याच. माझ्या वर्गातल्या एका मुलीची मोठी बहीण दहावी होऊन घरी बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांची आई छत्री मिटत दारात उभी. “बाई, अकरावीला आता घेतील का?” हे राष्ट्रपतींमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, त्या माउलीच्या मनात ते आधीपासून असणार. पण विचारायला ती त्या दिवशी आली. मुलगी पुढे कॉमर्सला गेली.

नोकरदार, केपें

आमची आजी टीव्हीसमोर कधी बसत नाही. त्या दिवशी बसली. भाषण हिंदीतलं, तिला त्यातलं थोडंच कळलं असेल. तिचं सगळं लक्ष त्या पांढऱ्या साडीच्या काठाकडे. संथाळी साडी होती ती, हिरव्या-तांबड्या काठाची. आजी स्वतः अजून लाल चौकड्यांचं कुणबी कापड नेसते, खांद्यावर गाठ मारून. तरुणपणी मडगावच्या बाजारात त्या कापडावरून लोक एकेरीत हाक मारायचे, हे तिने आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

गृहिणी, फोंडा

माझा मुलगा अपघातात गेला. मुर्मूंचे दोन्ही मुलगे आणि नवरा २००९ ते २०१४ या काळात गेले, हे मी त्यांची निवड झाल्यावर वाचलं. सासरच्या घराच्या जागी त्यांनी मुलांसाठी निवासी शाळा उभी केली. राजकारण मला कळत नाही. त्यांचा फोटो मी कापून देव्हाऱ्याजवळ ठेवला आहे.

वकील, म्हापसा

सुरुवातीचे चार महिने मी काहीच मत बनवलं नव्हतं. निवडणुकीत ६४ टक्के मतमूल्य मिळालं, सत्ताधाऱ्यांचं गणित पक्कं होतं, त्यात भारावण्यासारखं काय? मग २६ नोव्हेंबर आला. सर्वोच्च न्यायालयात संविधान दिनाचा कार्यक्रम, समोर सरन्यायाधीश आणि कायदामंत्री. राष्ट्रपतींनी लिहिलेलं भाषण संपवलं आणि हिंदीत मनातलं बोलायला लागल्या. कुणाला थोबाडीत मारली म्हणून वर्षानुवर्षं आत असलेली माणसं, सोडवायला गेलो तर घरची भांडीकुंडी विकावी लागतील या भीतीने न येणारे नातेवाईक, आणि तुरुंग कमी पडतात म्हणून नवे बांधायची भाषा. आपण पुढे चाललो आहोत तर तुरुंग वाढवायची गरज का पडावी, असं त्यांनी विचारलं.

मी जामिनाचीच कामं करते. माझा एक अशील, बांधकामावरचा मजूर, जामीन मंजूर होऊनही आतच होता. वीस हजारांचा स्थानिक जामीनदार हवा होता, आणि जामीनदाराच्या नावावर जमीन, म्हणजे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणा. या पोराला गोव्यात ओळखतं कोण? त्याची बायको माझ्या टेबलासमोर मंगळसूत्र काढून ठेवायला निघाली होती. राष्ट्रपती सांगत होत्या ती हीच बाई.

तीनच दिवसांनी न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने जामीन मिळूनही अटी पुऱ्या न झाल्यामुळे अडकलेल्या कैद्यांची माहिती राज्यांकडून मागवली. पुढे ३१ जानेवारी २०२३ला निर्देश आले: जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगाकडे जावा, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंगाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. माझ्या अशिलाची अट कमी करून घेताना मी हेच निर्देश पुढे ठेवले. तो सुटला.

*(धागा काढणारा: त्या पहिल्या महिन्यांतली सर्वांत मोलाची गोष्ट मी हीच मानतो. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, कायदा स्वतः करू शकत नाहीत. पण कुठे बोलायचं आणि कुणासमोर, हे त्यांच्या हातात असतं. तुरुंगातल्या गरिबाचं गाऱ्हाणं त्यांनी न्यायाधीशांसमोरच मांडलं.)*

निवृत्त कारकून, मडगाव

आनंद मलाही झाला, पण आनंदावर पोट भरत नाही. झारखंडच्या राज्यपाल असताना त्यांनी २०१७मध्ये आदिवासींच्या जमिनींच्या कायद्यातल्या दुरुस्त्या सरकारला परत पाठवल्या होत्या, आणि सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. म्हणून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. राष्ट्रपती भवनात गेल्यावर असं काही दिसलं नाही. २८ मे २०२३ला संसदेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा त्या तिथे नव्हत्या. विरोधी पक्षांनी बहिष्कार घातला तो त्यांचा प्रश्न. मला माणूस म्हणून वाईट वाटलं. संविधानाने संसद म्हणजे राष्ट्रपती आणि दोन सभागृहं असं म्हटलं आहे. आणि आपल्या घरचं बघा: तेव्हा गोव्याच्या ४० जणांच्या विधानसभेत जमातींसाठी राखीव जागा एकही नव्हती. तो कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५चा ऑगस्ट उजाडला.

धनगर वाडा, सत्तरी

गावडा, कुणबी, वेळीप यांना दर्जा मिळाला तेव्हा आम्ही राहिलो. मुर्मू आल्या तेव्हा वाड्यावरची पोरं म्हणाली, आता आपली फाईल हलेल. हलली नाही.

शेतकरी, सांगे

त्यांची उमेदवारी जाहीर झाली त्या जूनमध्ये बातमी आली की, ओडिशात मयूरभंज जिल्ह्यातल्या त्यांच्या उपरबेडा गावच्या एका वाडीत वीजच नाही. मग घाईने खांब पोचले. आमच्या वाड्यावर त्यावर रात्रभर चर्चा. कुणी म्हणे, बघा, गावचं माणूस वर गेलं की खांब येतात. माझा भाऊ म्हणाला, मग ज्या गावचं कुणी वर जात नाही त्यांनी काय करायचं? मला अजून भावाचंच पटतं.

आमची काजूची आणि नाचणीची जागा जंगलात आहे, आजोबांच्या आधीपासूनची. वनहक्क कायदा २००६चा. जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५च्या आधीची वहिवाट दाखवावी लागते. कागद कुणाकडे असतात? गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून धरता येते, म्हणून वडिलांनी काठी टेकत येऊन ग्रामसभेत हद्द सांगितली: हा ओहोळ, तो फणस, पलीकडे देवाची राय. लिहिणाऱ्याला ते दोनदा सांगायला लागलं, पण लिहिलं.

ऑगस्ट २०२३मध्ये राष्ट्रपती गोव्यात आल्या तेव्हा त्यांच्या हस्ते वनहक्काच्या सनदा दिल्या गेल्या. आमच्या ओळखीच्या एका घराला सनद मिळाली, ती त्यांनी काच लावून भिंतीवर टांगली आहे. आमचा दावा ग्रामसभेतून पुढे गेला आहे, वरच्या समितीकडे आहे. वडील आता अंथरुणाला खिळले आहेत. साक्ष नोंदवून घेतली, एवढं बरं झालं. पावसाआधी मोजणीला माणूस येईल असं सांगितलं आहे. आला की इथेच लिहितो.