जुनी स्कोडा ऑक्टाविया आरएस (२००४), बजेट दीड लाख, आधी काय करू? (इंदूर)

टर्बो_टिल्लू
मंडळी, मामांची काळी ऑक्टाविया आरएस अखेर माझ्या दारात उभी आहे. १.८ टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, कागदावर १५० बीएचपी. मीटर १ लाख १८ हजार. गेली सहा वर्षं मामा तिला दसऱ्याला बाहेर काढायचे, हार घालायचे, चौकापर्यंत फिरवून परत झाकून ठेवायचे.
मला रेस-बीस नाही करायची. रविवारी सकाळी पोहे-जलेबी हाणायची आणि खंडवा रोडला सिमरोलकडे घाटात मजेत चालवायची, बस. दोन दुखणी आहेत: तिसऱ्या गियरला तीन हजार आरपीएमच्या वर गाडी गुदमरते, आणि वळणात नाक बाहेर पळतं, म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ बघते. रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं), एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) असं डोक्यात आहे. बजेट दीड लाख. वर एक रुपया नाही, बायकोला शब्द दिलाय.

राजवाडा_रोडकिंग
रिमॅप. डोळे मिटून. माझ्या १.८ टीला केलाय, टर्बो तोच ठेवून १९० च्या आसपास गेली. सुपर कॉरिडॉरवर पहिल्या रात्री काय झालं ते इथे लिहीत नाही, वडील या ग्रुपवर आहेत.

आबा_अन्नपूर्णा
टिल्लू, टायमिंग बेल्ट (पिस्टन नि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) कधी बदललाय? बिल हातात आहे का? नसेल तर बदललेलाच नाही असं धर. मामांच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस, मामा लोकांना सगळं 'मागच्याच वर्षी' केलेलं आठवतं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतात. एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, हिशोब तूच कर. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट सगळं एकदम करून घे, कारण पंपापर्यंत पोचायला तेच सगळं परत उघडावं लागतं. पंप धातूच्या पात्याचा घे, प्लास्टिकच्या नको.

पुण्याचा_पाहुणा
दीड लाखात काय होतंय भाऊ? आमच्याकडे पुण्यात एवढ्यात नुसते कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) येतात. मी मोठा टर्बो, फोर्ज्ड रॉड, इंजेक्टर, इंटरकूलर असं सगळं केलं, साडेपाच गेले. पण एकदा केलं की विषय संपला.

छप्पन_सिलिंडर
विषय संपला की गाडी संपली? गेल्या वर्षी तर तुम्ही फोटो टाकला होतात, टो ट्रकवरचा.

पुण्याचा_पाहुणा
तो क्लच होता. क्लच वेगळा.

महू_नाका
रिमॅपच्या आधी गुदमरणं शोध रे. तू लिहिलंयस त्यावरून मला बूस्ट लीक वाटतोय, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा कुठून तरी गळतेय. माझ्या गाडीला डिट्टो हेच होतं. दोन गॅरेज फिरलो, दोन्हीकडे सांगितलं टर्बो गेला. एकानं पंच्याऐंशी हजारांचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर पाठवलं, वर हात जोडलेला इमोजी. मग ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं इनटेकमध्ये धूर सोडला आणि बिडी पेटवून स्टुलावर बसला. दोन मिनिटांत इनटेक मॅनिफोल्डच्या खालून धुराची बारीक रेघ वर आली. करंगळीएवढी रबरी नळी, वरून एकदम धडधाकट, खालच्या बाजूला उभी चिरलेली. बोटानं दाबली तर बिस्किटासारखी मोडली. नळी आणि दोन क्लिप मिळून एकशे ऐंशी रुपये.
सहा वर्षं उभ्या गाडीचं सगळं रबर असंच झालेलं असणार. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (ॲक्सिलरेटर सोडला की टर्बोची जादा हवा वळवतो तो) पडदाही बघ. आणि स्कॅनर लावून मिसफायर कुठल्या सिलिंडरला आहे ते पाहून घे, इग्निशन कॉइल पण म्हातारी होते. गळक्या पाइपांवर रिमॅप मारलास तर बिचारा टर्बो गेलेली हवा भरून काढायला जादा फिरत बसेल.

राजवाडा_रोडकिंग
पाइप काय, होतातच. रिमॅप करणारा आधी तपासतोच. आणि आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतंय, ऑक्टेन वाढलाय, टर्बोला उलट चांगलं.

आबा_अन्नपूर्णा
ऑक्टेन वाढला पण इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा कमी, ॲव्हरेज पडतो तो त्यामुळेच. आणि २००४ च्या गाडीचे फ्युएल पाइप नि सील काय ई२० साठी बनवलेत? गळतात ते.

राजवाडा_रोडकिंग
आबा, माझे नाही गळले.

आबा_अन्नपूर्णा
अजून नाही गळले.

*(इथून पुढे ई२० वर चौदा प्रतिसाद झाले, ते वेगळ्या धाग्यात हलवलेत. – संपादक)*

छप्पन_सिलिंडर
भिया, इंदुरात गाड्यांचा शौक नवीन आहे का? यशवंतराव होळकर महाराजांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतून ड्युझेनबर्ग एसजेची चासी घेतली आणि बॉडी इंग्लंडमध्ये गर्नी नटिंगकडे चढवून घेतली. आठ सिलिंडर, सुपरचार्जर. त्यांना कुणी बजेट विचारलं नव्हतं.

टर्बो_टिल्लू
मला विचारलंय. रोज रात्री जेवताना विचारलं जातंय.

काळा_कोट
कायद्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या पलीकडचा बदल चालत नाही. तुमची गाडी वीस वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण आणि फिटनेस आलंच, वर २०२५ पासून या वयाच्या गाड्यांची फी दुप्पट झालीय. आवाज करणारा एक्झॉस्ट घेऊन तिथे उभे राहाल का? आणि विमा कंपनीपासून बदल लपवलात तर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. माझ्या भावानं हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी निळे हेडलॅम्प लावून आला.

पिथमपूरकर
नाक बाहेर पळतंय यावर कुणी बोललंच नाही. आधी टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे बघा. ३४१५ म्हणजे २०१५ सालचा चौतिसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर नक्षीनं नवे दिसतात, पण रबर दगड झालेलं असतं. चार चांगले टायर, नवं डॉट ४ ब्रेक ऑइल, पुढच्या लोअर आर्मचे बुश, मग अलाइनमेंट. एवढं करून पण नाक पळलंच तर मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) जाड टाका. हीच चासी गोल्फ ४ ला होती, त्यामुळे पार्ट मिळतात.
लोअरिंग नको. आपल्याकडे गल्लीगल्लीत लोकांनी स्वतः सिमेंट ओतून स्पीडब्रेकर केलेत.

छप्पन_सिलिंडर
पिथमपूरला राहता, मग नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक सोडून सिमरोल कशाला? द्या सोडून आत.

पिथमपूरकर
तो कंपन्यांच्या चाचण्यांसाठी आहे हो. मी पण रोज भिंतीच्या बाहेरूनच ऐकतो.

पुण्याचा_पाहुणा
टायर, ब्रेक ऑइल आणि टायमिंग बेल्ट. हे मी सांगणारच होतो.

टर्बो_टिल्लू
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.
महू_नाकाभाऊ, तुमच्या पाया पडतो. धूर सोडला, नळ्या तीन निघाल्या. बाराशे रुपयांत गाडी मोकळी झाली, तिसऱ्याला आता पाठ सीटला चिकटते, रिमॅप सध्या नको. टायर २०१४ चे निघाले, चारही बदलले. नाक अजून थोडं पळतं, पण पळायच्या आधी सांगतं तरी.
उरलेल्या पैशात बेल्ट करणार होतो, पण गॅरेजवाल्याकडे एकाच्या गाडीचा काढलेला स्टीलचा एक्झॉस्ट पडलेला होता आणि तो माझ्या गाडीला बसत होता. काय आवाज आहे मंडळी! आईनं गॅलरीतून विचारलं, ट्रॅक्टर कोणाचा आलाय. बेल्ट दिवाळीनंतर.

आबा_अन्नपूर्णा
अरे!!

काळा_कोट
मी काय लिहिलं होतं?

राजवाडा_रोडकिंग
व्हिडिओ टाक. गाडी गार असताना स्टार्ट करून.

आबा_अन्नपूर्णा
लवकर टाक. बेल्ट गेला की आवाज पण बंद.

छप्पन_सिलिंडर
तो गॅरेजवाला कुठला? माझ्या पालिओला पण एक हवाय. बजेट पंधरा हजार.

पुण्याचा_पाहुणा
पंधरा हजारात काय होतंय भाऊ?