सल्ला हवा: बाबांना होमस्टेडच्या ओल्ड कोर्सवर न्यावं की कॅस्केड्सवर?

मुग्धा_रेस्टन

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर आईबाबा पुण्याहून येतायत. बाबा ७१ वर्षांचे. निवृत्तीनंतर गोल्फ धरला आणि आता येरवड्याच्या कोर्सवर पहाटे हजेरी लावली नाही तर दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसत फिरतात. हँडिकॅप २२ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तेवढे जास्त लागतात म्हणे), ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, १८० यार्डांच्या आसपास पण सरळ (ही माहिती त्यांनीच दिलीय, मी पडताळलेली नाही). एक गुडघा कुरकुरतो.

त्यांना इथला एखादा जुना, डोंगरातला कोर्स खेळवायचाय. हॉट स्प्रिंग्ज, व्हर्जिनियाचं होमस्टेड ठरवलंय, कारण आमच्याकडून साधारण चार तासांत पोचता येतं. पण तिथे दोन कोर्स आहेत, ओल्ड आणि कॅस्केड्स. खेळायला मिळणार एकच दिवस. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, नवऱ्याची मजल टॉपगोल्फ या करमणूक केंद्रापर्यंत. कोणता घ्यावा? आणि आई खेळत नाही, शाकाहारी आहे, "मी तिथे काय करू?" हे आत्ताच दोनदा विचारून झालंय.

पुणेरी_पटर

ओल्ड. पुढचे प्रतिसाद वाचले नाहीत तरी चालेल.

रिचमंडचे_काका

पटरशी सहमत, पण कारण सांगतो, म्हणजे बाबांना पटवता येईल.

ओल्ड कोर्सची रचना जरा चमत्कारिक आहे. सहा होल पार थ्री (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे), सहा पार फोर, सहा पार फाइव्ह. नेहमीच्या कोर्सवर पार फोर दहाच्या आसपास असतात आणि १८० मारणाऱ्या माणसाचं खरं दुखणं तिथेच असतं. चारशे-सव्वाचारशे यार्डांचा पार फोर, दोन फटके जीव तोडून मारले तरी ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) पन्नास यार्ड लांबच. होलमागून होल असं झालं की माणूस कंटाळतो. पार फाइव्हवर ती घाई नसते, बेताचे तीन फटके सरळ मारले की ग्रीनजवळ. आणि पार थ्रीवर म्हाताराही तरुणाइतकाच धोकादायक. सरळ मारणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची विभागणी मला तरी ठाऊक नाही. लांबीही मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) सव्वासहा हजार यार्डांच्या आतबाहेर. बाबा पुढच्या टीवरून खेळले तर ती आणखी कमी होईल. खेळू द्या, त्यात कमीपणा नाही.

इतिहासाचं म्हणाल तर १८९२ साली सहा होलांनी सुरुवात झाली. तिथला पहिला टी तेव्हापासून सलग वापरात आहे, अमेरिकेत इतका जुना दुसरा नाही. १९१३ मध्ये कोर्स रचनाकार डोनाल्ड रॉसने कोर्स अठरा होलांचा केला. हॉटेलच्या अंगणातच म्हणा ना, पहिल्या टीवर उभं राहिलं की मागे तो लाल विटांचा मनोरा दिसतो. फोटो तिथेच काढा.

आता अडचण. तिथे सपाट जागा अशी फारशी नाहीच. फेअरवेच्या (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) मधोमध पडलेला चेंडूही पायांच्या वर नाहीतर खाली. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांच्या वर असेल तर फटका डावीकडे ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडे निसटतो. वर असेल तेव्हा ग्रिप खाली धरायची, निशाणा थोडा उजवीकडे. खाली असेल तेव्हा गुडघे जास्त वाकवून शेवटपर्यंत तसेच ठेवायचे, आणि बाबांचा कुरकुरता गुडघा तिथेच दगा देईल. अशा वेळी अर्धा स्विंग, एक क्लब (काठी) मोठा, बास. ताकद लावली की तोल गेलाच.

डबलबोगी

काका, तुमचा मान राखून विरोध. एवढ्या लांबून माणूस येतोय आणि तुम्ही त्याला शेजारचा सोपा कोर्स देताय? कॅस्केड्स म्हणजे कॅस्केड्स. १९२३ सालचा, विल्यम फ्लिनने रचलेला. होमस्टेडचं स्पर्धांचं नाव झालं ते याच कोर्समुळे. १९६७ ची यूएस वुमेन्स ओपन इथेच झाली आणि कॅथरीन लॅकोस्त नावाच्या फ्रेंच मुलीने हौशी खेळाडू असताना ती जिंकली. आजवर दुसऱ्या कुणा हौशी खेळाडूला ते जमलेलं नाही. मगरीच्या शर्टवाल्या रेने लॅकोस्तची ती मुलगी. बाबांकडे मगरवाला टीशर्ट असेल तर घालूनच न्या.

शिवाय तो शेवट! दोन पार फाइव्ह लागोपाठ आणि मग अठरावा होल पार थ्री, तोही तळ्यावरून. अशा शेवटाची सवय कुणालाच नसते. मी तिथे आधीच्या सतरा होलांवर जे काही केलं ते विसरलोय, तो एक फटका मात्र लख्ख आठवतो.

रिचमंडचे_काका

डबलबोगी, "सोपा" मी म्हटलेलं नाही. कॅस्केड्स दोन्हींत श्रेष्ठ आहे हे कुणीही मान्य करील. पण तो चिंचोळा आहे, झाडी अंगावर येते, खालच्या बाजूला ओढा सोबतीला आहे. तुमच्यासारखा सिंगल (दहाच्या आतला) हँडिकॅपवाला तिथे खूश होतो. २२ हँडिकॅपवाल्याचे चेंडू संपतात. प्रश्न श्रेष्ठ कुठला हा नाहीये, ७१ वर्षांच्या माणसाचा दिवस कुठे चांगला जाईल हा आहे. आणि तिथे अठरा होलांचं मिळून पार ७०, म्हणजे लांब पार फोर आलेच की.

डबलबोगी

चेंडू संपतात हे मान्य. पंधरा जास्तीचे न्या. माझं मत तेच.

इतिहासवेडा

गोल्फ खेळत नाही, पण होमस्टेड म्हटल्यावर राहवत नाही.

थॉमस जेफरसन १८१८ मध्ये संधिवातावर उपाय म्हणून जवळच्या वॉर्म स्प्रिंग्जला आले होते. रोज तीनतीनदा त्या कुंडात बसले, आणि संधिवात राहिला बाजूला, नको त्या जागी गळवं घेऊन घरी गेले. परतीचा घोड्यावरचा प्रवास कसा झाला असेल कल्पना करा. वुड्रो विल्सन १९१५ च्या डिसेंबरात दुसरं लग्न करून मधुचंद्राला इथेच आले. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेतल्या जपानी मुत्सद्द्यांना काही महिने याच हॉटेलात स्थानबद्ध करून ठेवलं होतं. कैद असावी तर अशी.

बाकी "अमेरिकेतला सर्वात जुना" वगैरे बाबांना फार कौतुकाने सांगू नका. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ चा. त्याच्यापुढे १८९२ म्हणजे शेंबडं पोर.

पुणेरी_पटर

आणि सॅम स्नीड राहिला की! याच खोऱ्यातला पोरगा, १९१२ चा जन्म, ॲशवूडचा. होमस्टेडलाच कॅडी (खेळाडूची क्लबची पिशवी वाहणारा मदतनीस) म्हणून सुरुवात केली. पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या) ८२ स्पर्धा जिंकला. टायगर वुड्सला त्या आकड्याची बरोबरी करायला २०१९ उजाडलं. बाबांना सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: शेवटची जिंकला तेव्हा वय ५२. टूरवर त्याहून मोठ्या वयात अजून कुणी जिंकलेलं नाही.

अनुराधा_के

मुग्धा, आईंबद्दल कुणीच बोलेना म्हणून मी लिहिते. आमच्याकडेही नवरा गोल्फला आणि मी मोकळी असाच प्रकार असतो, आणि मला त्याबद्दल काडीची तक्रार नाही.

वॉर्म स्प्रिंग्जची ती कुंडं हॉटेलपासून पाचेक मैलांवर आहेत. लाकडी, बहुकोनी घुमटी, वर छताला मधोमध उघडं आकाश, खाली दगडगोट्यांचा तळ आणि तळातून बुडबुडे येत राहतात. पाणी अंगाच्या तापमानाइतकंच, म्हणजे ९८ फॅरनहाइटच्या आसपास. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्याच्या कुंडासारखं चटका देणारं नाही, त्यामुळे आधी "हे काय कोमट!" असं वाटतं, पण थोड्या वेळाने बाहेर यावंसं वाटत नाही. बरीच वर्षं मोडकळीला येऊन बंद होती, दुरुस्ती होऊन २०२२ च्या शेवटी पुन्हा उघडली. वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवायची. गंधकाचा हलका वास येतो, आईंना सांगून ठेव.

जाताना आय-८१ सोडून लेक्सिंग्टनकडून रूट ३९ धर. गोशेन पासमध्ये मोरी नदी रस्त्याला बिलगून वाहते, ऑक्टोबरात तिथली झाडं बघण्यासारखी असतात. थोडा वळसा पडेल, पण आईंची सहल तिथेच वसूल. वळणं भरपूर आहेत, गाडी लागत असेल तर गोळी आधी दे. आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घे, डोंगरात रेंजचा भरवसा नाही.

जेवण: नाश्त्याला प्रश्न नाही. रात्री पास्ता आणि सॅलडवर किती दिवस काढणार? इलेक्ट्रिक किटली, दडपे पोह्यांचं सामान आणि मेतकूट बरोबर ने. खोलीत फोडणी करू नकोस फक्त, स्मोक अलार्म फार तत्पर असतात. (माझा अनुभव दुसरीकडचा आहे, पण अग्निशामक दल सगळीकडे सारखंच दिसतं.)

मुग्धा_रेस्टन

बापरे, सगळ्यांचे किती आभार मानू! अनुराधाताई, किटली यादीत गेली.

बाबांना फोनवर दोन्ही बाजू वाचून दाखवल्या. लॅकोस्त ऐकून कॅस्केड्सकडे झुकले होते, मग "चिंचोळा" ऐकलं आणि गप्प झाले. आता त्यांचे प्रश्न, जसेच्या तसे: (१) तिकडे कॅडी कसा मिळतो? (२) माझे क्लब आणू का? (३) चालत खेळू देतात का, मी गोल्फच्या गाडीत बसून खेळणारा नाही.

रिचमंडचे_काका

बाबांचे प्रश्न खेळणाऱ्या माणसाचे आहेत.

कॅडी पुण्यासारखा गृहीत धरता येत नाही. टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतानाच विचारा, मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, पैसे वसूल होतील. पुण्यात पट (ग्रीनवरचा हळुवार फटका) कुठून वळणार हे कॅडी सांगतो आणि आपण आज्ञाधारकपणे मारतो. इथे एकटे पडलात तर डोंगरातली ग्रीन्स हमखास फसवतात. चढ वाटतो तिथे उतार असतो, कारण अख्खा परिसरच कललेला आणि डोळा त्यालाच सपाट धरतो. ग्रीनवर जाण्यापूर्वी सगळ्यात उंच डोंगर कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. शंका आली की चेंडू डोंगरापासून लांब वळणार असं समजायचं. मग होलच्या सखल बाजूला जाऊन, खाली वाकून एकदा बघायचं. गुडघ्यामुळे वाकता येत नसेल तर मुग्धाचा नवरा वाकेल. एवढं तरी कामाला येऊ दे.

गाडी घ्याच. येरवड्यात अठरा होल चालणं वेगळं आणि इथले चढउतार वेगळे. पाऊस पडून गेला असेल तर गाडी फक्त पक्क्या रस्त्यावरून न्यावी लागते, मग चेंडूपर्यंत उतरायचं आणि पुन्हा चढून यायचं. तेव्हा एकाच क्लबने जाऊ नये, तीनचार हातात घेऊन उतरावं, नाहीतर चुकीचा क्लब नेला म्हणून दुप्पट फेऱ्या होतात. गुडघ्याचं काउंटरवर सांगा, बऱ्याच कोर्सेसवर अशा खेळाडूच्या गाडीला झेंडा लावून ग्रीनच्या जवळपर्यंत जाऊ देतात.

डबलबोगी

क्लब आणू नका, भाड्याने मिळतात. बूट, ग्लव्ह आणि स्वतःचा पटर मात्र आणा. पटर चेक-इनच्या बॅगेत, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. परका ड्रायव्हर चालतो, परका पटर नाही.

कपड्यांचं त्यांना सांगायला नकोच, कॉलरवाला शर्ट, जीन्स नको. स्वेटर मात्र दोन. ऑक्टोबरात सकाळी तिथे दव नाही, कधीकधी चक्क हिमकण असतात आणि गवत गोठलेलं असेल तर कोर्स उशिरा उघडतात. पुण्याच्या सवयीने पहाटेचा टी टाइम घ्याल तर क्लबहाउसमध्ये कॉफी पीत बसाल. दहाच्या पुढचा घ्या. साडेसहाच्या सुमाराला मावळतं, पण डोंगरामुळे ऊन त्याआधीच जातं, त्यामुळे एकच्या पुढचाही नको.

सुहास_शार्लट

मध्येच घुसतोय. ग्रीनब्रायरचा विचार केला का? होमस्टेडपासून साधारण तासाभरावर, वेस्ट व्हर्जिनियात. तिथला ओल्ड व्हाइट १९१४ चा, चार्ल्स मॅकडोनाल्डने रचलेला, शिवाय हॉटेलखाली शीतयुद्धात अमेरिकन काँग्रेससाठी खोदलेलं गुप्त बंकर बघता येतं.

पुणेरी_पटर

सुहास, त्या एका दिवसात आता तिसरा कोर्स कोंबू नकोस. धाग्याचं वाटोळं होईल.

मुग्धा_रेस्टन

ठरलं! ओल्ड कोर्स, सकाळी साडेदहाचा टी टाइम. कॅडीसाठी ईमेल पाठवलाय. आईची कुंडाची वेळ त्याच दिवशी अकराची, मी तिच्याबरोबर जाणार.

बाबांचं म्हणणं: "ओल्ड खेळतो. पण त्या डबलबोगींना विचार, दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी कॅस्केड्सचा अठरावा नुसता बघायला सोडतील का?"

डबलबोगी

प्रो शॉपमध्ये (कोर्सवरच्या दुकानात) आधी विचारा, खेळणाऱ्यांच्या मध्ये न येता बाजूने बघतो म्हणावं, सहसा नाही म्हणत नाहीत. पण बाबांना सांगा, खिशात एक चेंडू असू द्या. मागे कुणी नसेल आणि माणूस चांगला भेटला तर एक फटका मारूही देईल.