विकतच्या बॅकलिंकआधी गूगलवरील नोंद नीट करावी

सोलापूरच्या चाटी गल्लीतील चादरींच्या दुकानाच्या संकेतस्थळासाठी बॅकलिंकचे, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांचे, पॅकेज विकत घ्यावे, असा सल्ला काही जण देतात; त्याच्याशी मी सहमत नाही. क्रमवारी वाढवण्यासाठी पैसे मोजून मिळवलेले दुवे गूगलच्या नियमांत बसत नाहीत, आणि गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ या बदलानंतर अशा दुव्यांमुळे कित्येक संकेतस्थळे निकालांत खाली गेली.

स्थानिक शोधात गूगल समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी पाहते. अंतर आपल्या हातात नाही. मात्र बिझनेस प्रोफाइलवर, म्हणजे दुकानाच्या गूगलवरील नोंदीत, योग्य वर्गवारी, खऱ्या वेळा, दुकानाची छायाचित्रे आणि संकेतस्थळावर आहे तोच पत्ता व दूरध्वनी देणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. दुकानाच्या नावापुढे ‘सोलापुरातील सर्वोत्तम चादरी’ असे शब्द जोडू नयेत, कारण त्यामुळे नोंद निलंबित होऊ शकते. अभिप्रायांना उत्तरे अवश्य द्यावीत, आणि आपल्या शहरात तेलुगू व कन्नड बोलणारे ग्राहक पुष्कळ असल्यामुळे ती शक्यतो त्यांच्याच भाषेत द्यावीत, असे मला मनापासून वाटते.

दुवे लागतातच, पण ते ओळखीतून यावेत: आपला माल ठेवणारे परगावचे विक्रेते, व्यापारी संघटनेची सदस्यसूची, स्थानिक वृत्तपत्रातील बातमी. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर कशी विणली जाते, हे स्वतःच्या छायाचित्रांसह सविस्तर सांगणारे एक पान संकेतस्थळावर असेल, तर वस्त्रोद्योगावर लिहिणारे लोक त्याचा दुवा आपणहून देण्याची शक्यता बरीच वाढते.