विंडोज १० ची मुदत संपली. घरचा जुना संगणक लिनक्सवर न्यावा का?

उंबरठा (धागाकर्ती) :

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक घरगुती संगणक यादीबाहेर गेले. आमचा डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-३ चा आहे आणि अजून ठणठणीत आहे. दुकानात चौकशी केली की दोनच उत्तरं मिळतात. एक, "नवीन घ्या." दुसरं, "आहे तेच वापरा, काही होत नाही."

मला दोन्ही पटत नाहीत. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात ते अपडेटशिवाय इंटरनेटला जोडून ठेवणं चुकीचं आहे. आणि धडधाकट यंत्र केवळ एका चिपपायी भंगारात काढणंही चुकीचं आहे. माझं स्पष्ट मत : अशा घरांनी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवावी.

घरात संगणकावर होतं काय? आमच्याकडे वडील वीजबिल भरतात, सातबारा काढतात, बँकेचं स्टेटमेंट छापतात, पेपर वाचतात, भाचीशी व्हिडिओ कॉल करतात. यातलं बहुतेक सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि फायरफॉक्स, क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली, रॅम ४ ची ८ जीबी केली आणि लिनक्स मिंट २२ (लिनक्सची एक आवृत्ती) बसवलं. त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. खालची पट्टी, कोपऱ्यातला मेनू, घड्याळ, सगळं विंडोजसारखंच. वडिलांना फायली कुठे आहेत एवढंच एकदा दाखवावं लागलं.

आधी काही पुसून टाकायची गरज नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. मिंट पेन ड्राइव्हवर घ्यायचं, संगणक त्यावरून सुरू करायचा आणि वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर एकेक करून तपासायचं. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढला की विंडोज जिथल्या तिथे.

मराठीची काळजी करणाऱ्यांसाठी : कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इन्स्क्रिप्ट हा मराठीचा ठरलेला कळफलक मिळतो. शिफ्ट धरून जे दाबला की ऱ, शिफ्ट-एन म्हणजे ळ. ‘वाऱ्यावर’ मधला ऱ्या व्यवस्थित उमटतो. मंगल फॉन्ट मिळत नाही, पण नोटो आहे, आणि मुंबईच्या एक टाइपचा मुक्त परवान्याचा मुक्ता आहे. माझ्या डोळ्यांना तर मुक्ता मंगलपेक्षा कितीतरी सुबक वाटतो.

शेवटचा मुद्दा जरा टोचेल. आपल्याकडच्या कितीतरी घरांतलं विंडोज विकत घेतलेलंच नसतं. ‘फॉरमॅट मारून’ मिळालेलं असतं. ते अ‍ॅक्टिव्हेट करणारं सॉफ्टवेअर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. कुणी लिहिलं, आत काय आहे, कुणालाच ठाऊक नसतं. त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. लिनक्स फुकट मिळतं आणि सरळ मार्गाने मिळतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

खिळेजुळारी :

असहमत. सगळं मराठी जग युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) आलंय असं धरून तुम्ही लिहिलंय. तसं नाही.

माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, दोन दिवाळी अंक. वीस-पंचवीस वर्षांच्या फायली श्रीलिपी, आकृती, शिवाजी आणि आयएसएमच्या फॉन्टमध्ये आहेत. या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची गर्दी दिसते. फॉन्ट लिनक्समध्ये टाकून फाइल वाचता येईल, मान्य. पण त्यात दोन ओळी दुरुस्त करायच्या तर त्या कंपनीचा कीबोर्ड ड्रायव्हर लागतो आणि तो विंडोजवरच चालतो.

हा प्रश्न फक्त धंद्याचा नाही. भजनी मंडळाची पदं, सोसायटीची इतिवृत्तं, आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ, असल्या फायली घरोघरी पडून आहेत आणि त्या याच फॉन्टांत आहेत. लिनक्सवर पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर सुचवतात. त्याच्या १.४ च्या स्थिर आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरं धड जुळतच नव्हती. ती जुळणी असलेली स्थिर आवृत्ती, १.६, आली २०२४ च्या जानेवारीत. तोवर आमचे किती अंक छापून झाले! छापखान्याची तारीख कुणासाठी थांबत नाही.

पेठेतला टेक्निशियन :

मी दुरुस्तीचं काम करतो, तेव्हा दुसरी बाजू सांगतो. घरी लिनक्स बसवून देतो कोण? मुलगा किंवा मुलगी. ती पुण्याला किंवा परदेशात निघून जातात. सहा महिन्यांनी प्रिंटर बंद पडतो आणि काका यंत्र घेऊन माझ्याकडे येतात. माझ्याकडच्या पोरांना लिनक्स येत नाही. मग मी काय करणार? काकांना प्रिंट पाहिजे असते, विंडोज टाकून देतो.

प्रिंटर हे खरं दुखणं आहे. काही कंपन्यांचे प्रिंटर लावले की लगेच चालतात. पण कॅननच्या कॅप्ट पद्धतीवर चालणारे जुने छोटे लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. ते स्वस्त आणि दणकट, म्हणून घराघरांत, झेरॉक्सच्या दुकानांत अजून ढिगाने आहेत. प्रिंटर बदलायचा खर्च धरला तर ‘फुकट’ कुठे राहिलं?

आणि पर्याय नाहीत असंही नाही. विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. रुफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून टीपीएमची अट वगळून विंडोज ११ सुद्धा बसवता येतं.

उंबरठा :

टेक्निशियनदादा, प्रिंटरचं अगदी बरोबर. म्हणूनच पेन ड्राइव्हवर आधी तपासा म्हटलं. प्रिंट निघाली नाही तर प्रश्न तिथेच निकाली, बसवू नका.

पण वाढीव मुदत म्हणजे एका वर्षाची सवड. आणि रुफसने बसवलेल्या विंडोज ११ ला अपडेट मिळत राहतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दरवर्षीची मोठी आवृत्ती अशा यंत्रावर हाताने चढवावी लागते. २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही, तिथे युक्ती करून उपयोग नाही. मग हे काकांना जमणार आहे का? त्यासाठीही तुमच्याचकडे यावं लागेल. मिंटवर अपडेट म्हणजे कोपऱ्यातली ढाल दाबायची आणि पासवर्ड टाकायचा. काही बिघडलंच तर टाइमशिफ्ट या मिंटमधल्या सोयीने कालच्या स्थितीवर परत येता येतं. ते चालू करून ठेवायला मात्र विसरू नये.

तुमच्या पोरांना लिनक्स येत नाही हे कारण मला पुरेसं वाटत नाही. गिऱ्हाईक विचारतील तर पोरं शिकतील.

कोचीकर :

नोकरीमुळे बरीच वर्षं केरळात आहे, मुलं इथल्याच शाळेत शिकली. इथल्या सरकारी शाळांत संगणक म्हणजे लिनक्स. ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची आवृत्ती बनवते, शिक्षकांना शिकवते, पुस्तकंही त्यावरच आहेत. २०१९ ला दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांवर ती होती. माझ्या मुलीला लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) हेच मुळाक्षर. पुढे कॉलेजात विंडोज आलं तेव्हा तिला काहीही अडलं नाही. लिनक्स अवघड आहे हे मोठ्यांचं म्हणणं आहे. मुलांना पहिल्यांदा जे हातात द्याल ते त्यांना सोपं वाटतं.

आकडेमोड :

केरळचं उदाहरण आलं तर जर्मनीतल्या म्युनिकचंही येऊ द्या. त्या महापालिकेने मोठा गाजावाजा करून सुमारे १५ हजार यंत्रं लिनक्सवर नेली, २०१३ ला काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं, आणि २०१७ ला नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं असं म्हणतात, असेलही. पण बाहेरून येणारी कागदपत्रं न जुळणं ही तिथल्या कर्मचाऱ्यांची तक्रार होतीच.

माझा व्यवसाय हिशेबाचा, आणि घर हेच ऑफिस. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, ते विंडोजचं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’ या सॉफ्टवेअरवर ओढूनताणून चालवता येतं, पण ३१ मार्चच्या आठवड्यात मी असले प्रयोग करणार नाही. डिजिटल सहीचं टोकन त्याहून नाजूक. टोकनाचा ड्रायव्हर, सही करून देणारं सॉफ्टवेअर आणि पोर्टल, तिघांचं एकाच वेळी जुळावं लागतं. विंडोजवरसुद्धा ते अधूनमधून रुसतं. तिथे अडलं तर पोर्टलच्या मदत केंद्राचा पहिला प्रश्न असतो, "विंडोजचं कोणतं व्हर्जन?" लिनक्स म्हटलं की पुढे मदत मिळत नाही.

पगारदार किंवा निवृत्त माणसाच्या घरी बसवा, माझी हरकत नाही. पण घरचा संगणक म्हणजे नुसता ब्राउझर ही समजूत अर्ध्या घरांना लागू नाही.

मोठी लेक :

आकडेमोड यांच्याशी सहमत, वेगळ्या कारणाने. माझी धाकटी बहीण मराठी टायपिंगच्या सरकारी परीक्षेची तयारी करते आहे. इन्स्टिट्यूटने सरावासाठी दिलेलं सॉफ्टवेअर विंडोजचं. एमएस-सीआयटीला शिकवतात तेही विंडोज आणि ऑफिसच. आमच्या घरात एकच संगणक. तिने घरी एका पद्धतीने सराव करायचा आणि परीक्षेला दुसऱ्या पद्धतीने बसायचं, हा धोका मी तिच्यावर टाकू शकत नाही. भरतीची एक संधी गेली की वर्ष जातं.

कोचीकर, केरळात अभ्यासक्रम, परीक्षा आणि यंत्र एकाच दिशेने बदललं, म्हणून जमलं. आपल्याकडे घराने एकट्याने बदलायचं आणि परीक्षा आहे तिथेच राहणार. त्याची किंमत मुलं भरणार.

उंबरठा :

मोठी लेक, तुमच्या घरी आत्ता लिनक्स बसवू नये, असंच मीही म्हणेन. बहिणीची परीक्षा आधी. राग मात्र मला वेगळ्या गोष्टीचा येतो. सरकारी परीक्षेसाठी मुलीला एका विशिष्ट कंपनीचं सॉफ्टवेअर असलेलं यंत्र लागतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मराठी इन्स्क्रिप्ट कुठल्याही संगणकावर सारखाच आहे. सरावाचं सॉफ्टवेअर ब्राउझरवर चालणारं करणं अशक्य मुळीच नाही. केरळ सरकार शाळांसाठी अख्खी आवृत्ती बनवतं, तर आपल्याला एवढं जमू नये?

आकडेमोड, टॅली आणि टोकन असलेल्या घराने विंडोज ठेवावं, पण पैसे देऊन, अपडेट मिळणारं. तुमच्याकडे गिऱ्हाइकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात, तेव्हा तुमच्यासाठी तर हे जास्तच गरजेचं आहे.

खिळेजुळारी :

माझ्या मुद्द्याला उत्तर राहिलं, म्हणून परत लिहितो.

"युनिकोडमध्ये बदलून घ्या" असं सांगाल, तर ते काम काय असतं ते ऐका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात ही उलटापालट करावी लागते. ‘निर्मिती’, ‘आर्थिक’, ‘स्थिती’ असे शब्द आले की कुठेतरी वेलांटी भलत्या अक्षरावर चढते. दोनशे पानांचा अंक बदलला तर दोनशे पानांचं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. त्याचे पैसे कोण देणार?

उंबरठा :

तुमच्या धंद्याच्या यंत्राबद्दल माझा आग्रह नाहीच. पण त्या भजनी मंडळाच्या पदांचं काय? तो ड्रायव्हर, सॉफ्टवेअर उघडायला लावावं लागणारं ते डाँगल, मांडणीचं जुनं सॉफ्टवेअर पेजमेकर, सगळं एका विशिष्ट जुन्या विंडोजवर टेकलेलं आहे. ते यंत्र बंद पडलं की पदं गेली. विंडोज ठेवल्याने ती वाचत नाहीत, फक्त काही वर्षं पुढे ढकलली जातात. उलट लिब्रेऑफिस पेजमेकर ६ आणि ७ च्या फायली उघडतं. मांडणी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो. बदलायचं काम किचकट आहे हे तुमच्याकडूनच कळलं, आणि म्हणूनच ते यंत्र चालू आहे तोवर करायला हवं. लिनक्सवर या किंवा येऊ नका.

खिळेजुळारी :

हे मान्य. फक्त क्रम माझा ठेवा : आधी सगळ्याची पीडीएफ काढायची, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल, नंतर जमेल तसं युनिकोड. पीडीएफ काढताना फॉन्ट आत एम्बेड झालाय ना ते बघा, नाहीतर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा तीच रोमन अक्षरांची गर्दी. लिनक्सबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही.

पेठेतला टेक्निशियन :

एक व्यवहारी तोडगा. एसएसडी नवी घेतलीच आहे, तर जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच डब्यात ठेवा. फॉरमॅट मारू नका. एकाच डिस्कवर दोन्ही बसवणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर फाइल ठेवता येत नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, मगच पुढे जा. की नसल्यामुळे सगळे फोटो गमावलेले लोक माझ्याकडे येतात आणि तिथे माझाही इलाज चालत नाही.

आणि उंबरठा ताई, पोरांना शिकवायचं म्हणता तर तुमच्या वडिलांचं यंत्र कधी अडलं तर आधी माझ्याकडे पाठवा. विंडोज टाकणार नाही. बघतो काय जमतं ते.