मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा: गावाच्या ग्रुपवर काय लिहावे?

शिवार (प्रश्न):
आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल पुन्हा ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ असा मजकूर फिरला आणि संध्याकाळी एकही मूल अंगणात दिसले नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. हे माहीत असूनही माणसे असा मजकूर पुढे का ढकलतात?

सांजवात:
त्यामागे बहुधा दुष्टावा नसतो. ‘खरे निघाले तर?’ या एका प्रश्नापुढे आईबाप हतबल होतात आणि पुढे पाठवणे हेच कर्तव्य वाटू लागते. त्या वर्षी फिरलेली चित्रफीत आठवा: दुचाकीवरचे दोघे गल्लीत खेळणारे मूल उचलून नेतात. मुळात ती कराचीतली, पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली फीत होती. मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात, तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

माळरान:
सगळा दोष फोनला देणे मला पटत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पालावरच्या माणसाकडे बघण्याची गावाची नजर बदलली नाही. अफवेला हा संशय आयताच मिळतो. शिवाय एक अफवा दुसरीला जन्म देते. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या वावड्यांतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हा लगेच त्याला धार्मिक रंग देणारे संदेश सुटले. अखेर अटक झालेल्या १०१ जणांची नावे गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली.

सांजवात:
हे मान्य. तरीही वेग महत्त्वाचा आहेच. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ग्रुपवर नुसते ‘खोटे आहे’ लिहू नका. कोणाचे मूल, कोणते गाव, कोणत्या ठाण्यात तक्रार, एवढे तीन प्रश्न विचारा.

शिवार:
विचारले. पाठवणाऱ्या काकांनी उत्तर न देता मजकूर पुसला. पोलीस पाटलांनी स्वतःच्या आवाजात खुलासा टाकला आणि गावाबाहेर उतरलेल्या पालावर ते आज सकाळी स्वतः जाऊन आले.